जुन्या गाडीची खडखड: शॉकअप बदलण्याआधी बुश बघा

बेळगावात टिळकवाडीतलं रेल्वे गेट ओलांडताना शेजारी बसलेला माणूस बोलता बोलता थांबला, की ओळखायचं, त्यालाही ऐकू आलं. पुढचं चाक रुळावर चढताना 'खट', उतरताना 'धप्प', आणि पाठोपाठ कुठूनतरी लांबलचक 'कुईई'. गाडी पंधरा-अठरा वर्षांची. इंजिन बरं आहे, पत्रा बरा आहे. विकायला काढली तर कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर आपल्याला विकवत नाही.

अशा गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. बेळगावची केए-22 असो की चिकोडीची केए-23, पंधरा वर्षं झाली की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घ्यायची आणि चालवत राहायचं, हे घरोघरी चाललेलं असतं. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या फेरनोंदणीची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी ती 10,000 केली गेली. एवढे पैसे भरून ठेवलेल्या गाडीने निदान गपगुमान चालावं, एवढीच आपली अपेक्षा.

गॅरेजात गेलो की उत्तर ठरलेलं: "शॉकअप गेलंय." म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर. मीही ते ऐकलं होतं. माझ्या 2008 सालच्या छोट्या पेट्रोल गाडीला एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप नवे घातले. दोन दिवस बरं वाटलं, ते बहुधा पैसे गेल्यामुळे. तिसऱ्या दिवशी हिंडलगा रोडवर तोच आवाज, त्याच जागी. शेवटी उद्यमबागेकडच्या एका जुन्या, खड्ड्याच्या गॅरेजातल्या मेस्त्रींनी खाली उतरून टॉमी (छोटी पहार) घातली, लोअर आर्म जरा उचकटला आणि मला हाक मारली, "या की खाली, बघा. शॉकअप बरं हाय गा, बुश संपलाय." हा बुश म्हणजे काय, तो संपतो कसा आणि घालताना काय चुकतं, ते त्या दिवसापासून मी समजून घेत आलोय.

बुश म्हणजे मिक्सरच्या पायाचं रबर

मिक्सरच्या खालचे चार रबरी पाय काढून तो ओट्यावर ठेवा आणि चालू करा. तोच मिक्सर, तीच मोटर, पण ओटा थरथरतो आणि शेजारची भांडी वाजायला लागतात. गाडीतला बुश हेच काम करतो. फक्त त्याच्यावर जबाबदारी जास्त आहे.

चाक गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेलं नसतं. मध्ये लोखंडी हात असतात, त्यातला मुख्य म्हणजे लोअर आर्म. हा हात जिथे सांगाड्याला बोल्टने जोडला जातो, तिथे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून रबराची जाड नळी बसवतात. बाहेर एक लोखंडी कडं, आत एक लोखंडी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये दोघांना घट्ट चिकटवलेलं रबर. तो बुश. ट्रॅक्टरवाले आणि ट्रकवाले याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात, आणि नावातच त्याचं काम आलं.

एका गाडीत असे बुश डझनभर तरी निघतात. लोअर आर्मला दोन-दोन. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून पुढे जो आडवा वाकडा दांडा असतो, त्या स्टॅबिलायझर बारला धरणारे 'डी बुश'. त्या दांड्याच्या टोकांच्या लिंकचे वेगळे. शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग. मागच्या एक्सलचे. आणि ओम्नी, बोलेरोसारख्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांना पाट्याच्या दोन्ही टोकांचे. मारुती 800 मध्ये तर स्टॅबिलायझर बार दोन नोकऱ्या करतो. गाडीचं कलंडणं आवरतो आणि लोअर आर्मला पुढे-मागे सरकू देत नाही. त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना चाकच किंचित मागे सरकतं, आणि आपण ब्रेकवाल्याकडे जातो.

बुशकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. चाक जागचं हलता कामा नये, म्हणून तो घट्ट हवा. खड्ड्याचा दणका आत पोचू नये, म्हणून तो मऊ हवा. कंपन्यांचे इंजिनिअर रबराचा आकार, त्यातल्या खाचा आणि कडकपणा यांचा मेळ घालतात, तो या भांडणात तडजोड म्हणून.

तो फिरत नाही, पिळला जातो

इथे बहुतेक जणांचा गैरसमज असतो, काही मेकॅनिकांचासुद्धा. बैलगाडीचं चाक कण्यावर फिरतं, म्हणून तिथे वंगण लागतं. बुश तसा फिरत नाही. आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली, बाहेरचं कडं आर्ममध्ये ठोकून बसवलेलं. चाक वर गेलं की मधलं रबर पिळलं जातं, खाली आलं की सुटतं. ओला टॉवेल दोन हातांत धरून थोडा पिळावा आणि सोडावा, तसं.

म्हणजे निरोगी बुशमध्ये काहीच कशावर घासत नाही, आणि त्याला वंगण लागत नाही. घासल्याचा आवाज येतोय याचाच अर्थ रबर लोखंडापासून सुटलंय किंवा फाटलंय. याला अपवाद काही स्टॅबिलायझर बारच्या डी बुशचा. त्यांत दांडा थोडा फिरतो, म्हणून कुईकुईचा पहिला संशय तिथेच घ्यावा.

रबर म्हातारं कसं होतं

कुकरची रिंग आठवा. नवीन असताना बोटांनी कशीही वळते. दोन वर्षांनी कडक होते, मग बाजूने वाफ सुटते. बुशचंही तसंच. उन्हाने, इंजिनच्या उष्णतेने, हवेतल्या ओझोनने रबर कडक होत जातं आणि भेगाळतं. गाडी फार फिरली नसली तरी होतं. आठवड्यातून एकदा कपिलेश्वरला जाऊन येणारी गाडीही बारा-पंधरा वर्षांत बुश घालवून बसते, कारण रबर मीटर बघत नाही.

आपल्या भागात भर पडते ती निराळीच. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस आणि तांबडा चिखल. गाडी चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आली की तो चिखल आर्मच्या बेचक्यात भरतो आणि वाळून दगड होतो. पूर्वेला आणि निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याच्या कडा. शहरात गतिरोधक, पेव्हर आणि काँक्रीटचे जोड. कोगनोळीजवळ राज्याची हद्द ओलांडताना टायरचा आवाज बदलतो, असं निपाणीतले लोक सांगतात. कुठल्या बाजूला जास्त, हे कुठल्या वर्षी विचारता त्यावर आहे.

पण या सगळ्याहून मोठा शत्रू आपणच गाडीला लावतो. तो म्हणजे तेल. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायचं, नाहीतर धुताना डिझेलचा फवारा मारून घ्यायचा, ही जुनी पद्धत. पत्र्याला गंज लागू नये हा हेतू चांगला, आणि लोखंडी पाट्याला त्याने काही बिघडत नाही. बुशच्या रबराला मात्र खनिज तेल विष आहे. ते शोषून रबर फुगतं, मऊ होतं, मग चिकट होऊन लोखंडापासून सुटतं. इंजिनमधून किंवा पॉवर स्टिअरिंगमधून तेल गळून आर्मवर पडत असेल, तरी तेच. अशा गाडीत गळती थांबवल्याशिवाय नवा बुश घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नवीन गादी टाकणं.

आवाज काय सांगतो

गॅरेजला जाण्याआधी गाडी रिकामी करा. खरोखर रिकामी. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा बोल्ट, पाण्याच्या बाटल्या, सीटखालची छत्री. मागच्या सस्पेन्शनचा म्हणून आलेला आवाज जॅकचा निघतो, असं अनेकदा होतं.

बारीकसारीक खडबडीत रस्त्यावर, हळू जाताना 'खटखट, खटखट' येत असेल, आणि मोठ्या खड्ड्यात मात्र तितका नसेल, तर स्टॅबिलायझर लिंक किंवा डी बुश. माझ्या गाडीच्या शॉकअपवर आळ आला तो याच आवाजामुळे. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पहिला गिअर टाकून निघताना एकदाच 'धप्प' होत असेल, तर लोअर आर्मचा बुश, बहुतेक मागच्या बाजूचा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि वरून 'टण्ण' आलं, तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना 'कट कट कट' येत असेल, तर तो बुश नव्हेच, एक्सलचा जॉइंट. वेग वाढेल तसा 'घुंईई' वाढत असेल आणि वळणावर बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. त्यासाठी बुश बदलत बसू नका.

'कुई' आवाजासाठी एक फुकटची तपासणी आहे. पाऊस पडला की हा आवाज गायब होतो आणि ऊन पडलं की परत येतो, असं होतं का बघा. होत असेल तर कुठलं तरी रबर कोरडं घासतंय. मग कुणाला तरी मडगार्डवर दाबून गाडी वरखाली हलवायला सांगा आणि तुम्ही बाटलीतून एकेका रबरावर पाणी टाका. ज्याच्यावर पाणी पडताच कुई थांबली, तो चोर. आणि शॉकअप खरंच गेलंय का? कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर बहुधा बरं आहे. झुलत राहिली, किंवा शॉकअप तेलाने ओलं दिसलं, तर 'शॉकअप गेलंय' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याचं खरं.

डोळ्यांनी बघताना भेगांना लगेच घाबरू नका. वरवरच्या बारीक भेगा म्हातारपणाच्या सुरकुत्या असतात, त्या चालतात. रबर आणि लोखंड जिथे चिकटलंय तिथे फट, आरपार चीर, नाहीतर मधली नळी एका बाजूला कललेली, हे दिसलं की बदलायची वेळ झाली. गाडीखाली जायचं तर जॅकवर विश्वास ठेवून जाऊ नका. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड.

"ग्रीस मारलं की जातंय की!"

जातंय, आठ दिवस. नेहमीचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला काय करतं ते वर सांगितलंच. आवाज थांबतो, बुश आतून कुजतो, आणि पुढच्या वेळी तो हातात तुकड्यांनी येतो. अगदीच मारायचं असेल तर सिलिकॉनचा स्प्रे, आणि तोही डी बुशसाठी. आर्मच्या बुशला त्याने काही साधत नाही, कारण तिथे घासण्याची जागाच नको.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून डी बुश घट्ट करणारे मेस्त्री मी पाहिलेत. अनमोडच्या घाटात रात्री अडकलात तर जरूर करा. घरी आल्यावर काढा.

कुठला बुश घ्यावा?

दुकानात तीन-चार पर्याय समोर येतात. आवाज कमी करणं हाच हेतू असेल, तर गाडीच्या कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा रबरी बुश घ्या. एवढंच माझं मत.

पण 'पीयू'वाला मित्र प्रत्येकाला असतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रंगीत, चकचकीत, कडक. रबराचा कडकपणा शोअर ए नावाच्या मापावर मोजतात. बुशचं रबर साधारण 50 ते 70 असतं, पीयू बहुतेक 80 ते 95. पीयू तेलाला रबराइतकं घाबरत नाही, झिजतंही उशिरा, आणि वळणावर गाडी जास्त घट्ट वाटते, हे सगळं खरं. पण कडक वस्तू दणका आत पोचवते. शिवाय बरेचसे पीयू बुश पिळले न जाता आतल्या नळीवर फिरतात, म्हणून त्यांना ठरावीक ग्रीस लागतं आणि ते सुकलं की कुईकुई परत. कुंदा खायची सवय असलेल्याला चिक्की दिल्यासारखं. चिक्की वाईट नसते, दात कुणाचे आहेत ते बघावं लागतं. घाटात गाडी पळवायची हौस असेल तर पीयू घ्या, शांततेसाठी नको.

आपल्या गावात आणखी एक पर्याय आहे, जो सगळीकडे नसतो. उद्यमबागेत लेथवर नायलॉनचा बुश हुबेहूब करून देणारा कारागीर सापडतो. त्याच्या हाताला मी नमस्कार करतो. जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात, म्हणजे गिअर लिव्हरच्या लिंकेजमध्ये किंवा पेडलच्या पिनेवर, तिथे तो उत्तम. लोअर आर्ममध्ये मात्र नको. नायलॉन पिळलं जात नाही आणि कंप शोषत नाही, मग तो ताण बोल्टवर आणि सांगाड्याच्या पत्र्यावर जातो.

स्वस्त, बिननावाच्या बुशची गंमत अशी की पहिल्या दिवशी तोही शांतच असतो. फरक सहा महिन्यांनी कळतो. घेताना नखाने दाबून बघा, दगडासारखा लागला किंवा पावडर हाताला आली तर ठेवून द्या. पाकिटावरची तारीख बघा, कारण रबर कपाटातही म्हातारं होतं. लिंकसाठी किंवा आर्मसाठी, डावा-उजवा जोडीने बदला. एक नवा आणि एक अठरा वर्षांचा असला, तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

नुसता बुश की अख्खा आर्म? आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) आर्मलाच घट्ट असेल आणि तोही जुना असेल, तर अख्खा आर्म बदलणं शेवटी परवडतं. मजुरी तेवढीच लागते. बॉल जॉइंट चांगला असेल तर नुसता बुश प्रेसवर बसवून घ्या. हातोड्याने ठोकून नव्हे. ठोकताना बाहेरचं कडं चेपतं, आणि रबर पहिल्याच दिवशी एका बाजूने सुटायला लागतं. काही बुशमध्ये खाचा असतात आणि वर बाणाची खूण असते. जुना बुश काढण्याआधी त्या खाचा कुठल्या दिशेला होत्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खाच उलट्या दिशेला बसली की जिथे मऊपणा हवा तिथे कडकपणा येतो.

बोल्ट शेवटी कधी आवळायचा

इतका चांगला बुश, इतका नीट बसवला, आणि वर्षात फाटला. असं का? बहुतेक वेळा कारण एकच असतं. तो आवळताना चाक हवेत लटकत होतं.

गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली की चाकं खाली लोंबतात, आर्म खाली झुकतो. मेकॅनिक त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळतो, म्हणजे आतली नळी त्या कोनात पक्की होते. मग गाडी खाली येते, आर्म वर सरकतो, आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. रात्रभर मान वाकडी करून झोपलेला माणूस सकाळी कसा उठतो? हे रबर तसंच झोपतं, रोज, आणि त्याच मानेने खड्डे झेलतं.

योग्य पद्धत अशी की बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चारही चाकांवर जमिनीवर आणायची, थोडी पुढे-मागे हलवायची, आणि मग शेवटचं आवळायचं. पाट्याच्या बुशलाही हेच. म्हणूनच मला जुनं खड्ड्याचं गॅरेज आवडतं. गाडी स्वतःच्या पायांवर उभी, माणूस खाली. नव्या चकचकीत लिफ्टपेक्षा या कामाला खड्डा बरा. तुमच्या मेस्त्रीकडे खड्डा नसेल तर अलाइनमेंटवाल्याला सांगा. बुश बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं, आणि त्याच्या रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते. तिथेच बोल्ट सैल करून पुन्हा आवळायला लावा, आणि अलाइनमेंट त्यानंतर. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या पोराने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं होतं. आता तोच विचारतो, "काका, बोल्ट खाली आवळायचे न्हवं?"

"आवाजच आहे, गाडी चालतेय की"

नुसत्या डी बुशची कुई असेल तर खरंच चालतंय. कानाला त्रास, एवढंच. पण लोअर आर्मचा बुश गेलेला असेल तर चाकाचा कोन चालताना बदलत राहतो. टायर आतल्या कडेने खातो, ब्रेक मारताना स्टिअरिंग भलतीकडे जातं, आणि पावसात वंटमुरी घाट उतरताना ते नको असतं. आणखी एक: खडखड बुशची की बॉल जॉइंटची, हे एकदा नक्की करून घ्याच. बॉल जॉइंट पूर्ण सुटला तर चाक आडवं होतं. त्या बाबतीत चालढकल करायची नाही.

पैशाचं म्हणाल तर छोट्या गाड्यांचे साधे बुश शेकड्यांत येतात, मजुरी आणि अलाइनमेंट त्याहून जास्त. म्हणून एकदा आर्म उतरवलाच तर त्या बाजूचं जे जे संशयास्पद आहे ते सगळं करून घ्यावं. गंजलेला बोल्टही नवा घालावा.

त्यानंतर वर्षातून दोनदा खाली डोकावलं तरी पुरतं. मृग लागायच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. चोर्ल्याहून आल्यावर खालून नुसत्या पाण्याने चिखल काढा, आणि धुणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, खाली डिझेल नाही, ऑइल नाही.

माझ्या गाडीला पुढचे सगळे बुश नवे घातले, त्याच संध्याकाळी रेल्वे गेट ओलांडलं. खट नाही, धप्प नाही. पुढे गेलो तर मागून एक बारीक 'टिक, टिक' येऊ लागलं. दोन दिवस शोधलं. मागच्या सीटबेल्टचं बकल दाराच्या प्लास्टिकवर आपटत होतं. तेही इतकी वर्षं वाजतच असणार.